धाराशिवात घडलेलं नाक

तामलवाडीचा नाका

सोलापूरहून तुळजापूरच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात इंग्रजांचं राज्य संपतं आणि निजामाचं सुरू होतं. माती तीच, बाभळी त्याच, दुतर्फा ज्वारीही तशीच उभी. फक्त तामलवाडीपाशी रस्त्यावर एक बांबू आडवा टाकलेला असतो आणि शेजारी करोडगिरीची चौकी. इथं मोटार थांबते, गाठोडी सुटतात आणि जकातीच्या नावाखाली तुमचा सगळा संसार धुळीत मांडला जातो.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी आणि माझा थोरला भाऊ त्या बांबूपाशी उतरलो. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. दादा डॉक्टर आहे, कापाकापीचा. लढाईची वर्षं त्यानं फौजेच्या इस्पितळात काढली आणि तिथं त्याच्या वाट्याला आले ते चेहरे. कुणाचा जबडा गेलेला, कुणाच्या पापण्या जळालेल्या. ते चेहरे पुन्हा उभे करायचं काम तो शिकून आला. घरी त्याविषयी फारसं बोलत नसे. पण धाराशिवातले त्याचे जुने वर्गमित्र डॉक्टर कादरी यांनी एका बाईसाठी बोलावलं, तेव्हा तो मला म्हणाला, "तू चल. मला चित्र काढणारा हात हवा आहे, आणि त्या बाईला जवळ बसणारी बाई." मी नाताळच्या सुट्टीला आणखी रजा जोडली.

चौकीवरच्या कारकुनानं दादाची कातडी पेटी उघडली आणि तो थबकला. आत पातळ चाकू, बाकदार सुया, चिमटे, रेशमाचा दोरा.

"ये क्या है जी?" त्यानं विचारलं.

"नाक बनाने का सामान," दादा म्हणाला. "एक बाई की नाक बनानी है."

"मट्टी की?"

"नहीं. उसी के माथे की चमड़ी से."

कारकुनानं नकळत आपल्या कपाळाला हात लावला, मग नाकाला. मग पेटी त्यानं स्वतःच बंद केली आणि दोन्ही हातांनी उचलून मोटारीत नेऊन ठेवली. माझ्याजवळचा मेणाचा गोळा मात्र त्यानं पुन्हा पुन्हा हुंगून पाहिला.

धाराशिव

कागदोपत्री उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. तुळजापूरचा घाट चढून आलं की पठारावरचा वारा अंगाला झोंबतो. कचेऱ्यांवर उर्दू पाट्या, बाजारात मराठी गलका, आणि एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही भाषा अशा मिसळलेल्या की सांधा सापडू नये.

कादरींचा दवाखाना म्हणजे त्यांच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्या. कादरींच्या बायकोनं, म्हणजे भाभींनी, आमच्यासाठी एका ब्राह्मण शेजारणीकडून वेगळी भांडी आणून ठेवली होती. दादा हसला आणि म्हणाला, "भाभी, लढाईत माझं हे सगळं सुटलं." त्या माझ्याकडं पाहू लागल्या. मी पाट ओढून त्यांच्या ताटाशेजारी बसले. ज्वारीची पातळ भाकरी, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी आणि तिखट शेंगाचटणी. आमच्याकडं भाजीला गूळ लागतो. इथं गूळ मागितला तर लोक चहाला हवा का विचारतात.

संध्याकाळी नीलाबाई आल्या. तेरच्या लिंगायत वाण्याच्या घरच्या, वय पंचविशीचं. पदर असा ओढलेला की फक्त हनुवटी दिसत होती. बरोबर त्यांचे यजमान. त्यांना सगळे आप्पा म्हणत. ते तट्टावर कापड लादून बाजार करणारे, शांत आणि रुंद खांद्यांचे गृहस्थ. बोलले ते तेच.

"चार वर्सं झाली. हिच्या पोटात लेकरू होतं. तट्टाला भरडा घालाय गेली आन् त्यानं तोंडच धरलं. म्या परसात होतो. आवाज आला तवा पळालो, तर..." ते थांबले. "नाकाचा शेंडा गेला बगा, सगळा."

नाक गेलेली बाई दिसली की आपल्याकडं लोक तिच्याविषयी आणि तिच्या नवऱ्याविषयी काय समजतात ते मी इथं लिहायला नको. आप्पांनीच ते पुढं सांगितलं, अगदी सपाट आवाजात. "बाजारात लोक आधी तिच्याकडं बगत्यात. मग माझ्या हाताकडं बगत्यात."

मला वाटलं, आता दादा पदर बाजूला करायला सांगेल आणि तपासेल. तो एका बुटक्या स्टुलावर, नीलाबाईंपेक्षा खाली बसला आणि तेरणा नदीला यंदा पाणी किती आहे ते विचारू लागला. मग ज्वारीचं विचारलं. मग मुलीचं. मुलगी गिरजा, आजीपाशी तेरलाच ठेवली होती. नीलाबाई एका शब्दात उत्तर देत. अर्धा तास झाला, आणि दादा उठून म्हणाला, "आज इतकंच. उद्या या."

मी नंतर त्याला विचारलं, "तू पाहिलं नाहीस?"

"त्यांनी दाखवलं नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नीलाबाई बसल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पदर मागं सारला. मोठे, ठाम डोळे, भरलेले गाल आणि मध्ये दोन उघडी भोकं. मी चित्रकार असूनही पेन्सिल उचलायला मला वेळ लागला.

दादानं त्यांना सगळं उलगडून सांगितलं, आणि त्यासाठी माझ्याकडून चित्रं काढून घेतली. कपाळावर नाकाच्या आकाराची कातडी उलटी आखायची. ती सोडवायची, पण भुवईपाशी तिचा एक देठ तसाच ठेवायचा, कारण त्यातून रक्त येतं. मग ती खाली फिरवून नाकाच्या जागी शिवायची. तीनेक आठवडे तो देठ तसाच राहणार. नवी जागा तिला रक्त देऊ लागली की देठ कापायचा. नीलाबाईंनी देठाचं चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"ही तर सोंड झाली," त्या म्हणाल्या.

"काही दिवस सोंडच दिसेल," दादा म्हणाला. "लोक बघून दचकतील. आणि अजून एक सांगायचं आहे. कधीकधी ती कातडी जगत नाही. काळी पडते. तसं झालं तर नाकही नाही आणि वर कपाळालाही व्रण. हे ऐकून घ्या, घरी बोला, मगच हो म्हणा."

आप्पा पटकन म्हणाले, "आमची तयारी हाय, डॉक्टर."

"तुमची आहे," दादा म्हणाला. "त्यांना सांगू द्या."

नीलाबाईंनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "करा."

पुन्हा तामलवाडी

मेणाचं नाक मी घडवायचं होतं. नीलाबाईंच्या चेहऱ्यावर बसवून पाहायचं आणि त्यावर चहाच्या पेटीतला चंदेरी वर्ख दाबून कातडीचा आकार काढायचा, अशी दादाची रीत. मी दोन दिवस खपले आणि सरळ, धारदार, चाफेकळीसारखं नाक घडवलं. लेण्यांमधल्या मूर्तींना असतं तसं. मनातून मी खूश होते.

दादानं ते नीलाबाईंच्या चेहऱ्यावर धरलं, लांब जाऊन पाहिलं, बाजूनं पाहिलं.

"सुरेख आहे," तो म्हणाला. "पण हे पाहुणं आलंय. बाकीचा चेहरा त्याच्यापुढं अवघडून बसलाय, बघ." मग नीलाबाईंना विचारलं, "तुमच्यासारखं घरात कोण दिसतं?"

"थोरली बहीण. तामलवाडीला दिली हाय," त्या म्हणाल्या. "लोक आमाला जुळ्या मनायचे."

तेव्हा मी पुन्हा मोटारीत बसले, ज्या गावाच्या फक्त नाक्यावर मी वैतागले होते त्या गावात शिरायला. बहीण शेतात होती. हुरड्याचे दिवस. कणसं आगटीत भाजून, हातावर चोळून त्यांनी माझ्यापुढं हिरवा, गरम, दुधाळ हुरडा ठेवला आणि वर लसणाची चटणी. आमच्या शहरात हुरडा पुडीत येतो आणि थंड असतो. तो हुरडाच नव्हे, हे मला त्या बांधावर कळलं.

"माजं नाक काडनार?" बहीण हसून म्हणाली. "ह्यात काय बगायचंय? नकटंच हाय जरा."

मी समोर बसून काढू लागले. रुंद, शेंड्याला गोल, नाकपुड्या जरा फुललेल्या. साधं नाक. पण काढता काढता मला दिसलं की त्या गालांना, त्या रुंद जिवणीला हेच नाक आधार देत होतं. ते बदललं असतं तर सगळा चेहरा बिघडला असता. शाळेत मी मुलींना प्रमाणं शिकवते, नाकाची लांबी इतकी, कपाळाची इतकी. त्या बांधावर बसून मला पहिल्यांदा वाटलं की प्रमाण पुस्तकात नसतं, प्रत्येक चेहरा आपलं प्रमाण घेऊनच जन्माला येतो. चित्र पुरं झालं तेव्हा बहिणीचं हसू थांबलं होतं.

"तिचं असंच व्हतं," ती म्हणाली. "धाकटी असून माज्यापरीस बरं व्हतं."

या वेळचं मेणाचं नाक दादानं नीलाबाईंच्या चेहऱ्यावर धरलं आणि लगेच वर्खासाठी हात पुढं केला. आप्पा दाराशी उभे होते. ते वळून बाहेर निघून गेले.

पांढरी खोली

चुना मारलेली खोली, उकळत्या पाण्याची वाफ, आणि खिडकीतून सरळ येणारं सकाळचं ऊन. दादाला दिव्यापेक्षा तेच हवं होतं. नीलाबाईंच्या गळ्यात इष्टलिंग होतं. कादरींच्या कंपाउंडरनं ते काढायला सांगितलं, तशा त्या उठून बसल्या. दादानं पुढं होऊन विचारलं, "हे अंगावेगळं करत नाहीत ना?"

"न्हाय. जीव गेल्यावरबी न्हाय."

दादानं स्वच्छ उकळलेल्या कापडात ते गुंडाळायला लावलं आणि त्यांच्या डाव्या मुठीत दिलं. उजवा हात माझ्या हातात होता.

भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, सुईची. त्या जाग्या होत्या, पुटपुटत होत्या. मी आधी ठरवलं होतं की मान फिरवून बसायचं. पण पाहिलं, आणि पाहतच राहिले. वर्खाचा तो उलटा आकार कपाळावर आखला गेला. चाकू त्या रेघेवरून असा गेला जसा निष्णात हात एका दमात रेघ ओढतो. आधी नाकाच्या कडांची जुनी कातडी आत वळली, नव्या नाकाचं अस्तर झाली. मग कपाळाचा तो तुकडा, भुवईपाशी धरलेला, वळला, खाली आला आणि बसला. सपाट कातडीला दोन नाकपुड्या फुटल्या. त्यांत दादानं रबराच्या बारीक नळ्या ठेवल्या. तुकडा आधी पांढराफटक होता. दादा थांबला, कादरीही थांबले. हळूहळू देठाकडून एक गुलाबी छटा सरकत सरकत शेंड्यापर्यंत आली.

मला रडू आलं. देवळात कधी आलं नाही तसं. माझ्या हातातला हात मात्र घट्ट होता, म्हणून मी जागची हलले नाही.

पदर

संकट आलं ते तिसऱ्या दिवशी दुपारी. तेरहून चुलत सासरे पाहायला आले होते. ते जाऊन तासभर झाला असेल. दादा फेरीला आला, त्यानं नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं आणि त्याचा चेहरा बदलला. गुलाबी गेलं होतं. शेंडा जांभळा, निवडुंगाच्या पिकल्या बोंडासारखा. बोट दाबून उचललं की रंग झटकन परत येई, पण काळपट.

"रक्त जातंय, परत येत नाही," तो कादरींना हलक्यानं म्हणाला. मग नीलाबाईंना, अगदी सहज आवाजात, "पाहुणे आले तेव्हा काय झालं?"

त्यांचा हात पदराकडं गेला. मीच म्हणाले, "त्यांनी पदर ओढून घेतला होता. घट्ट. थोरले आले ना."

नीलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सासऱ्यासमोर उगडं कसं बसू? माज्यानंच गेलं न्हवं हे?"

"तुमच्यानं नाही," दादा म्हणाला. "पदराचं मी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझ्या ध्यानात आलं नाही. फौजेत कुणी पदर घेत नाही."

त्यानं देठाजवळचे दोन टाके सोडले, पट्टी सैल केली, उशी उंचावली आणि स्टूल ओढून तिथंच बसला. सगळी दुपार तो उठला नाही. कापसानं हलकेच पुसायचं, पाहायचं, थांबायचं. आप्पा ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. भाभींनी त्यांच्यापुढं चहा ठेवला, तो तसाच निवला.

मला बसवेना. मी मागच्या अंगणात गेले, एका मोडक्या सुपाच्या बांबूच्या कामट्या सोडवल्या, भिजवल्या आणि वाकवून एक कमान बांधली, पाळण्यावर असते तशी. दोन्ही कानांवर टेकेल आणि कपाळापासून लांब राहील अशी. तिच्यावरून पदर घेतला तर तो नाकाला शिवणार नाही. ती घेऊन मी खोलीत आले तेव्हा ऊन खिडकीतून उतरलं होतं. दादानं माझ्याकडं पाहिलं आणि बाजूला सरकला.

शेंडा अजून काळसर होता. पण देठाखालून गुलाबी परत निघालं होतं.

कमान नीलाबाईंना बसली. तिच्यावरून पदर घेऊन त्या आरशाशिवाय नुसत्या हातानं चाचपून म्हणाल्या, "आता मखरातला गणपतीच की." दादा खो खो हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच.

लेणी आणि माशी

देठ कापायला अवकाश होता. भाभींनी एका दुपारी मला धाराशिवची लेणी दाखवली. काळोखात बसलेली ती प्रचंड काळी मूर्ती, मागं नागाचा फणा, आणि शतकानुशतकं न हललेला चेहरा. एरवी मी तिथंच वही उघडून बसले असते. पण मनात सारखं येत होतं की घडवणाऱ्यानं छिन्नी खाली ठेवली त्या दिवशी हा चेहरा संपला. दवाखान्यातलं नाक मात्र रोज बदलत होतं. सूज उतरत होती, कडा वळत होत्या, शेंडा आपला आपण गोल होत होता. दादानं जागा करून दिली होती, पुढचं काम कुणी दुसराच करत होता.

परत आले तेव्हा दादा नीलाबाईंना डोळे मिटायला सांगून कापसाची वात त्यांच्या नव्या नाकाच्या शेंड्यावर फिरवत होता.

"काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"कपाळावर माशी बसली," नीलाबाई म्हणाल्या, आणि हात कपाळाकडं गेला.

मी दाराशीच उभी राहिले. कातडी जागा सोडून आली होती, पण तिला अजून आपलं मूळ घरच आठवत होतं. दादा म्हणाला, "विसरेल हळूहळू. काहींना महिने लागतात, काहींना वर्षं."

देठ कापला गेला, उरलेला भाग भुवईत परत बसवला गेला. मग एके सकाळी दादानं भाभींचा आरसा मागितला आणि तो नीलाबाईंच्या हातात देऊन स्वतः खोलीबाहेर आला. मला आणि आप्पांनाही बाहेर बोलावलं. "पहिली भेट त्यांची त्यांना होऊ दे," तो म्हणाला. मग आतून त्यांनी हाक मारली, ती यजमानांना. आप्पा आत गेले. आम्ही चहा प्यायला निघून गेलो.

तेर

निरोप घ्यायला आम्ही त्यांच्याबरोबर बैलगाडीनं तेरला गेलो. तेरणेच्या काठचं जुनं, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, उंच टेकाडांवर वसलेलं गाव. पावसाळ्यात इथं मातीतून मणी आणि मातीच्या बाहुल्या वर येतात. लोक त्या कोनाड्यात ठेवतात. गाडी वेशीतून आत गेली तेव्हा नीलाबाईंचा पदर डोक्यावर होता, कपाळाच्या पट्टीपर्यंतच. बायका दारांत आल्या. कुणी हसलं, कुणी हात जोडले. आप्पा गाडीपुढं चालत होते, दोन्ही हात मोकळे सोडून.

घराच्या ओट्यावर आजीच्या मांडीत गिरजा बसली होती. काळेभोर डोळे, आईसारखेच.

"गिरजे," नीलाबाईंनी हात पसरले. नळ्या अजून नाकपुड्यांत होत्या, त्यामुळं आवाजही जरा वेगळा निघाला.

मुलगी पाहत राहिली. मग आजीच्या कुशीत तोंड खुपसून रडू लागली.

आजी ओशाळली. "अगं, माय हाय तुजी. बग की." पण मुलगी मान वर करीना. नीलाबाईंचे हात तसेच पसरलेले राहिले. मी दादाकडं पाहिलं. इतक्या दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता. ही एक गोष्ट त्याच्या हिशोबात आलीच नव्हती. या लेकरानं जन्मल्यापासून पाहिलेली माय वेगळी होती. गाव जिच्याकडं बघून दचकत होतं, तो चेहरा हिला सगळ्यात ओळखीचा होता.

नीलाबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या. त्यांनी मुलीला ओढलं नाही, समजावलं नाही. नुसत्या बसून राहिल्या, मुलीच्या नजरेहून खाली, आणि शेतातल्या ज्वारीविषयी, मावशीच्या घरच्या वासराविषयी बोलू लागल्या, कुणालाच उद्देशून नाही अशा. हळूहळू रडणं थांबलं. एक डोळा आजीच्या लुगड्याआडून बाहेर आला.

मग गिरजा उतरली. जवळ आली, दोन पावलांवर थांबली. आणखी पुढं झाली आणि आपला तळहात उचलून तिनं आईचं नवं नाक अलगद झाकून टाकलं. उरलेला चेहरा ती बारकाईनं पाहू लागली. डोळे. गाल. हनुवटी. पुन्हा डोळे. अंगणात कुणी हलत नव्हतं.

"माय," ती म्हणाली, आणि हात न काढताच मांडीत जाऊन बसली.